तरंगत्या बांधाची परीक्षा

पाण्यावर सांडलेले तेल अडवणारा तरंगता बांध रचनेने साधा असतो: वर फुगीर तरंड, खाली पाण्यात लोंबणारी झालर, तिच्या तळाला साखळीचे वजन. झालर खोल केली की तेल हमखास अडेल, असे आपल्याला वाटेल. तसे होत नाही. बांधावर काटकोनात येणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३५ सेंटिमीटरपुढे गेला, की तेल झालरीखालून निसटू लागते. म्हणून वेगवान प्रवाहात बांध तिरका टाकतात. अमेरिकेत न्यू जर्सीतील ओमसेट येथे २०३ मीटर लांब कुंडात खरे तेल ओतून, लाटा उठवून, बांध ओढून हा वेग मोजतात.

माझ्या मते, केवळ कुंडातील आकड्यावर विसंबून आपण बांध निवडू नये. मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर ७ ऑगस्ट २०१० रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात झाली आणि तेल खारफुटीपर्यंत पोहोचले. खारफुटीच्या श्वसनमुळांवर बसलेले तेल धुऊन काढणे अतिशय कठीण. खाडीत चाचणीसाठी तेल ओतता येणार नाही, हे मान्य. परंतु उधाणाच्या ओहोटीत झालर उलटते का, नांगर धरतो का, बांध टाकायला किती वेळ लागतो, एवढे तरी तेथेच तपासता येईल. आणि तेही पावसाळ्यात.