विसार कोणाच्या हाती?

घरासाठी जमीन पाहू लागलो की आधी भेटतो तो दलाल. "आजच विसार द्या, उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार," हे त्याचे ठरलेले वाक्य. पावती मागितली की म्हणतो, आपण एकाच गावचे, विश्वास नाही का? (विश्वास असेल तर पावती द्यायला काय हरकत?)

आपल्या मॉरिशसमध्ये जमिनीची मालकी नोटरीच्या लेखाने मिळते, दलालाच्या चिठ्ठीने नव्हे. खरा घोटाळा मात्र वारसांचा असतो. जमीन अजून आजोबांच्याच नावावर, वाटणी झालेली नाही, भावंडे चार, त्यांतले एक लंडनला, आणि विकायला निघालेला एकटा धाकटा! सर्व वारसांच्या सह्यांवाचून ती सगळी जमीन विकता येत नाही. दलालाला हे ठाऊक असते, पण त्याचा मतलब दलालीशी. जमिनीचे तुकडे पाडून विकत असतील तर १९९० च्या मोर्सेलमां कायद्याखालचा परवानाही पाहावा.

आपल्या मंडळींना नोटरीकडे जायचा संकोच वाटतो, तेथील फ्रेंच कागद समजत नाहीत म्हणून. घरातल्या शिकलेल्या मुलीला बरोबर न्यावे. विसार नोटरीकडेच ठेवावा. दलाल रुसला तर खुशाल रुसू द्यावा.