विजेच्या गाडीची सवलत कुणाच्या दारात?

विजेच्या गाड्यांसाठी सरकारने पैसा खर्च करावा का? करावा, असे माझे मत आहे. पण कोणत्या गाडीसाठी, हे आधी ठरले पाहिजे.

महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात मोटारीला दीड लाखापर्यंत आणि प्रवासी रिक्षाला ३० हजारांपर्यंत मूळ सवलत होती. किमतीच्या मानाने दोन्ही सारखेच, असे कुणी म्हणेल. पण आपल्या नवी पेठेत उभे राहून पाहा. खासगी मोटार सकाळी दुकानापुढे लागते, ती रात्रीच हलते. रिक्षा मात्र स्टेशन, विजापूर वेस, नवी पेठ अशा दिवसभर फेऱ्या मारते, आणि तिचा धूर पथारीवाले नि दुकानांतली पोरे घेत राहतात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूर आहे. सरकारचा तोच रुपया रिक्षावर जास्त धूर वाचवतो.

केंद्राच्या ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेने खासगी मोटारींना अनुदान दिलेच नाही. दुचाकी, तीनचाकी, बस यांना दिले. हे योग्य झाले. राज्याचा कल वेगळा दिसतो. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींना ६ टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागे घेतला गेला. एवढी गाडी घेणाऱ्याला एवढा कर जड जातो, हे मला पटत नाही. पुढच्याच महिन्यात आलेल्या नव्या धोरणात टोलमाफी आहे ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर. यातला एकही रस्ता सोलापुरातून जात नाही.

या गाड्यांचा फायदा खरा आहे. बाहेरून आणावे लागणारे तेल वाचते, रोजचा खर्च घटतो. मात्र वीजही कुठेतरी तयार होते. आपल्याच जिल्ह्यात फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा कोळशावरचा प्रकल्प उभा आहे, पाणी उजनीचे. पेट्रोलची मोटार जाऊन तिथे विजेची मोटार आली, तर नवी पेठेतली कोंडी तशीच राहणार. गरज बसची आहे.

आता रिक्षावाल्याचे. सवलत वजा जाता उरलेली रक्कम कर्जानेच उभी राहते. काही बँका मुस्लिम वस्त्यांना ‘रेड झोन’ मानतात, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले आहे. शिवाय आपल्यातले कित्येक भाऊ व्याजापासून दूर राहू पाहतात. त्यांच्यासाठी ही सवलत कागदावरच राहते. सरकारी तिजोरी सगळ्यांची अमानत आहे. तिच्यातला वाटा बँकेच्या दारात अडता कामा नये.

म्हणून मागणी दोन ठिकाणी करायची आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाने परवानाधारक रिक्षाचालकांसाठी ई-रिक्षाची बिनव्याजी योजना आणावी. आणि महापालिकेने रिक्षा थांब्यांवर चार्जिंगची सोय करावी, कारण बेगम पेठेच्या बोळात राहणाऱ्याने रात्री वायर टाकायची तरी कुठून?