पाखरांची कुळे आणि विज्ञानाची शिस्त

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे आज लोहमार्गाने व वस्तीने एकमेकांस अशी जोडली गेली आहेत की, एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते हे फलाटावरील पाटीवाचून कळू नये. तरीही या गजबजाटात पाखरांनी आपला वाटा राखून ठेवला आहे. विजेच्या तारेवर कोतवाल बसतो, शाळेच्या कुंपणावर दयाळ शेपटी उभारतो, अंगणात साळुंक्या भांडतात आणि बारवी धरणाकडील रानात सातभाईंचे थवे पाचोळा उपसत हिंडतात. ही सारी पाखरे प्राणिशास्त्राच्या दृष्टीने एकाच गणातील आहेत. ‘पॅसेरिफॉर्मीस’ हे त्या गणाचे नाव. जगातील सुमारे अकरा हजार पक्षिजातींपैकी सहा हजारांहून अधिक जाती या एकाच गणात मोडतात. पाठ्यपुस्तकात त्याची बोळवण मात्र बहुधा ‘फांदीवर बसणारे पक्षी’ एवढ्या तीन शब्दांत होते.

हे वर्णन अपुरे तर आहेच, पण दिशाभूल करणारेही आहे. फांदीवर पोपट बसतो, कोकीळ बसतो, खंड्याही बसतो. परंतु त्यांपैकी एकही या गणातला नाही. तीन बोटे पुढे व एक मजबूत बोट मागे अशी पायाची ठेवण, टाळूच्या हाडांची रचना आणि श्वासनलिका जेथे दुभागते तेथील ध्वनियंत्र अशा अनेक खुणांवरून हे नाते ठरते. १८४७ साली बर्लिनच्या योहानेस म्यूलर यांनी या ध्वनियंत्राच्या स्नायूंचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि गायक पक्ष्यांचा उपगण वेगळा ओळखण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यातून निघालेला निष्कर्ष मराठी रसिकास चमत्कारिक वाटेल. ज्याच्या स्वरावर कवी लुब्ध झाले तो कोकीळ शास्त्रीय अर्थाने गायक पक्षी नव्हे. आणि ज्याच्या घरट्यात त्याची मादी अंडी घालते तो कर्कश कावळा मात्र गायक पक्ष्यांच्या उपगणात सन्मानाने बसतो. कानाला काय गोड लागते याच्याशी शास्त्राला कर्तव्य नसते.

गणाच्या पोटात कुळे पाडताना मात्र शास्त्रज्ञांचीही दीर्घकाळ फसगत झाली. याचे घरचे उदाहरण सातभाईचे आहे. कंपनी सरकारच्या सैन्यातील कर्नल साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे मांडली. सह्याद्रीच्या पट्ट्यात आढळणाऱ्या तांबूस शेपटीच्या सातभाईला त्यांनी ‘सोमरव्हिली’ हे नाव दिले. डॉ. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्या १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झालेल्या दहा खंडांच्या ग्रंथात सातभाई, माशीमार, वटवटे आणि कस्तूर या साऱ्यांना ‘मस्किकॅपिडी’ या एकाच अवाढव्य कुळात जागा मिळाली. आज सातभाई ‘लायोथ्रिकिडी’ या निराळ्या कुळात आहे, आणि २०१८ सालच्या एका संशोधनानंतर त्याची प्रजातीही ‘टर्डॉइडीस’ऐवजी ‘आर्ग्या’ मानली जाते. पक्षी तोच, पाचोळाही तोच. पत्ता तेवढा बदलला.

हे बदल लहरीने झालेले नाहीत. एकच व्यवसाय करणारी माणसे जशी भाऊबंद असतातच असे नाही, तसेच पक्ष्यांचेही आहे. उल्हासनगरच्या छावणीत फाळणीनंतर एकाच बराकीत राहिलेली कुटुंबे शेजारी होती. शेजारामुळे त्यांचे गोत्र एक झाले नाही. हवेत झेप घेऊन कीटक टिपणारे पक्षी दिसण्यात व वागण्यात सारखे होतात, ते समान उपजीविकेमुळे. येल विद्यापीठात काम केलेल्या सिबली व अ‍ॅलक्विस्ट यांनी डीएनएच्या तुलनेवर आधारलेला ग्रंथ १९९० साली प्रसिद्ध केला आणि या वरवरच्या साम्याचा बुरखा फाटला. स्वर्गीय नर्तक आणि नाचण हे पूर्वी माशीमारांत गणले जात; ते वस्तुतः कोतवाल, हळद्या, खाटीक व कावळा यांच्या गोतावळ्यातले ठरले. उलट दयाळ कस्तूरांच्या पंगतीतून उठून माशीमारांच्या पंगतीत आला. सिबली-अ‍ॅलक्विस्ट यांची सारीच मते टिकली असेही नाही. कावळ्यांचा गोतावळा आणि ऑस्ट्रेलियातील गायक पक्षी मिळून एकच शाखा होते, हे त्यांचे म्हणणे पुढे मागे पडले. परंतु गायक पक्ष्यांचा उगम ऑस्ट्रेलियाच्या बाजूस आहे, या मताला २००४ सालच्या जनुकीय अभ्यासाने बळकटी दिली.

येथे शिक्षकांचा एक आक्षेप सहज संभवतो. दर दहा वर्षांनी कुळे बदलणार असतील, तर विद्यार्थ्याने पाठ करावे तरी काय? आक्षेप व्यावहारिक आहे, पण त्याचे मूळ आपल्या शिक्षणपद्धतीत आहे, शास्त्रात नाही. विज्ञान म्हणजे अंतिम उत्तरांची यादी, असे मानणाऱ्यासच हा बदल म्हणजे गोंधळ वाटेल. पुरावा बदलला की निर्णय बदलण्याची तयारी ठेवणे हीच तर या शास्त्राची शिस्त होय. या शिस्तीमुळेच निरनिराळ्या जागतिक याद्यांमधील मतभेद मिटविण्याचा प्रयत्न होऊन २०२५ साली ‘अ‍ॅव्हिलिस्ट’ ही एकत्रित यादी सिद्ध झाली. ती यादीही पुढे सुधारली जाईल, आणि तसे होण्यातच तिचे मोल आहे.

बदलाच्या या प्रवाहात टिकते ते काळजीपूर्वक केलेले निरीक्षण. साइक्स यांचे वर्गीकरण मागे पडले, परंतु त्यांनी केलेले वर्णन आजही वाचता येते. म्हणूनच जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही त्यांचा पक्षी कोणता, हे सांगता येते. उल्हास नदीच्या खोऱ्यातील शाळांनी नेमके हेच करावयास हवे. इमारतींनी भरत चाललेल्या या पट्ट्यात कोणते पाखरू कोणत्या महिन्यात, कोठे दिसले, याची वही प्रत्येक शाळेने ठेवावी. तीत मराठी नाव असावे आणि शेजारी शास्त्रीय नावही असावे. मराठी नाव गावागणिक बदलते, शास्त्रीय नाव काळागणिक बदलते. दोन्ही असली म्हणजे नोंद हरवत नाही. यासाठी दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. मुलांना गॅलरीतून दिसणाऱ्या कोतवालापासून प्रारंभ करता येईल.

कावळा आणि स्वर्गीय नर्तक हे एकाच गोतातले, हे ज्या विद्यार्थ्याने एकदा पुराव्यानिशी समजून घेतले, तो माणसांच्या बाबतीतही केवळ रंगरूपावरून कुळाचा निवाडा करण्यापूर्वी थबकेल. पाठ केलेली कुळांची नावे परीक्षेनंतर विसरली जातात. ही सवय मात्र जन्मभर पुरते.