मत दिलं एका कामासाठी

नॉर्थ कॅरोलायनात लिफ्टमध्ये शिरलं की वर्षानुवर्षं चेरी बेरी यांचा हसरा फोटो समोर यायचा. तपासणीच्या दाखल्यावर छापलेला. बेरीबाई २००१पासून २० वर्षं राज्याच्या कामगार आयुक्त होत्या आणि लिफ्टची तपासणी त्यांच्या खात्याकडे. फुकटचा प्रचार म्हणून त्यावर टीका झाली. असेलही तसं. पण या दाखल्याला जबाबदार कोण, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, आणि मला त्याचं मोल मोठं वाटतं.

कारण तिथे कामगार आयुक्त नेमत नाहीत, निवडून देतात. गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर, अॅटर्नी जनरल, ऑडिटर, खजिनदार, अगदी शेती आणि विमा खात्याचे आयुक्तसुद्धा. राज्यभराच्या मतांवर अशी दहा पदं, दर चार वर्षांनी, अध्यक्षीय निवडणुकीच्याच दिवशी. एका खुणेत सगळी मतं पक्षाच्या पदरात टाकायची सोयही २०१३च्या कायद्याने गेली. प्रत्येक पदाशी थांबून खूण करावी लागते.

यातून ओढाताण होते, हे खरं. २०२०मध्ये गव्हर्नर रॉय कूपर डेमोक्रॅट आणि लेफ्टनंट गव्हर्नर मार्क रॉबिन्सन रिपब्लिकन निवडून आले. गव्हर्नर राज्याबाहेर गेले की कारभार लेफ्टनंटच्या हाती. २०२४मध्ये उपाध्यक्षपदाच्या चर्चेतून कूपर यांनी अंग काढून घेतलं, त्यामागे हेही एक कारण त्यांनी सांगितलं. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, हा प्रकार आपल्या नगरपालिकांनीही पाहिला आहेच.

तरी २०२४चा निकाल बघा. ट्रम्प यांनी राज्य जिंकलं. त्याच मतपत्रिकेवर डेमोक्रॅट जॉश स्टाइन यांनी गव्हर्नरपदासाठी रॉबिन्सन यांना जवळपास १५ टक्क्यांनी हरवलं. दहा पदं दोन पक्षांत पाच-पाच अशी वाटली गेली. लाखो लोकांनी पक्ष बाजूला ठेवून माणूस पाहिला होता.

त्यावर विधिमंडळाने डिसेंबरातच बोळा फिरवला. विधेयक हेलीन वादळातल्या मदतीच्या नावाचं, आणि त्यात निवडणूक मंडळ नेमण्याचा गव्हर्नरचा अधिकार काढून रिपब्लिकन ऑडिटरकडे दिलेला! कूपर यांचा नकाराधिकार मोडीत काढला. तेवढं बहुमत रिपब्लिकनांकडे वर्षअखेरपर्यंतच होतं, नव्या प्रतिनिधिगृहात एक जागा कमी पडणार होती. मे २०२५मध्ये ऑडिटर डेव्ह बोलिक यांनी नवं मंडळ नेमलंसुद्धा.

मला याची चीड येते. लोकांनी ऑडिटर निवडला तो हिशेब तपासायला. त्याला मत देताना, निवडणुका कोण घेणार हेही आपण ठरवतोय, याची मतदाराला कल्पनाच नव्हती. पदं लोकांनी भरायची आणि कामं विधिमंडळाने मागाहून इकडची तिकडे करायची, ही सरळसरळ फसवणूक आहे. अधिकार बदलायचे तर मतदानाआधी बदला आणि पुढच्या मुदतीपासून लागू करा. ऑडिटरची निवडणूक आता २०२८मध्ये. मंडळावर कोणाला नेमणार, हे त्या वेळी प्रत्येक उमेदवाराला भर सभेत विचारायला हवं.