कोयता मोजता, मग लेकरं का नाही?

दिवाळीला माहेरी गेले होते, धारूर तालुक्यात. शेजारच्या सूनबाईची ऊसतोडीला निघायची तयारी चालली होती. बाळ दसऱ्याच्या सुमारास झालेलं, जेमतेम तीन आठवड्यांचं. लसीकरणाचं कार्ड तिने प्लास्टिकच्या पिशवीत, आधारकार्डासोबत जपून ठेवलं होतं. "तिकडं कोण टोचतंय, ताई?" एवढंच म्हणाली.

हे फोनवर सांगितलं तर आमचे एक नातेवाईक (वाचत असतील, वाचू देत!) म्हणाले, "या लोकांना पोरांचं काही पडलेलंच नसतं." डोकंच सणकलं माझं.

जरा हिशोब करा. पेंटाव्हॅलंटचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, सगळं त्यातच. दसऱ्याला जन्मलेल्या बाळाचे हे तिन्ही डोस हंगामात येतात, आणि तेव्हा बाळ असतं कारखान्याजवळच्या कोपीत, कधी कोल्हापूर-सांगलीकडे, तर कधी कर्नाटकात. गावातल्या आशाताईच्या यादीत नाव आहे, पण बाळ गावात नाही. तिकडे बाळ आहे, पण यादीत नाव नाही. आणि आईने एक दिवस काम सोडून दवाखाना शोधायचा म्हटलं, तर खाडा धरून पैसे कापतात.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत कोयत्यागणिक उचल रुपयापर्यंत लिहिलेली असते. उसाचं वजन काट्यावर होतं. मग ट्रकमधून किती लेकरं उतरली, हे लिहायला वहीत एक ओळ मिळत नाही?

तुम्ही म्हणाल, आता यू-विन पोर्टल आलंय, लस कुठेही घेता येते. खरंय. पण पोर्टल काही कोपीवर चालत येत नाही! पोलिओच्या वेळी माणसं चालत गेली होती. वीटभट्ट्या, बसस्टँड, रेल्वे स्टेशनं, काही सोडलं नाही, म्हणून तर 2014 साली देश पोलिओमुक्त ठरला. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष्यमध्येही स्थलांतरितांच्या वस्त्या होत्याच. म्हणजे कसं करायचं ते आपल्याला येतं.

माझं म्हणणं सरळ आहे. गाळप सुरू झालं की कारखान्याने तळावरच्या लेकरांची यादी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी, महिन्यातून एकदा नर्सबाईंनी लशीचा डबा घेऊन तळावर यावं आणि त्या दिवसाचा खाडा कुणाचा धरू नये. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लसही त्यातच होईल. साखर आपण सगळेच खातो, मीसुद्धा.

भाऊबीज झाली आणि ट्रक आला. कार्डाची पिशवी पत्र्याच्या पेटीत, सगळ्यात वर ठेवली होती तिने.