घरची बोली आणि शाळेची पाटी

आपल्या मुलानें शुद्ध मराठी बोलावें व इंग्रजींत कोणासही हार जाऊं नये, अशी आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांची इच्छा असते. ती योग्यच आहे. परंतु त्यासाठीं घरची बोली विसरलीच पाहिजे, हा समज कित्येक घरांत, व खरें सांगावयाचें तर शिक्षकांच्या खोलींतही, दृढ झालेला आहे. तो आम्हांस मान्य नाहीं.

वारली किंवा कातकरी मूल प्रथम शाळेंत येतें तें कोरी पाटी होऊन येत नाहीं. नागलीच्या रोपासाठीं राब कसा भाजावा, मोहाचीं फुलें पहाटेसच कां वेंचावींत, कोणता कडू कंद उकडून वाहत्या पाण्यांत धुतल्यावांचून तोंडांत घालूं नये, हें त्यानें आजीच्या पाठोपाठ हिंडून ऐकिलेलें असतें. हें सर्व ज्ञान त्याच्या बोलींतल्या नांवांत सांठविलेलें आहे. नांव गेलें कीं ज्ञानही जातें. त्या बोलीस वर्गांत हंशा पिकला, तर मूल दुसऱ्या दिवसापासून मुकें होतें, आणि आम्ही त्यास मंदबुद्धि म्हणून मोकळे होतों!

ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुलें गुरें राखावयास जातात म्हणून शाळेंत येत नाहींत, ही मास्तरांची जुनी तक्रार. या बायांनीं शाळाच कुरणांत नेली व तिला कुरणशाळा म्हटलें. पानें, बिया, शिंपले हींच तेथील साधनें.

मिशनच्या शाळांत वाढलेल्या आम्हां लोकांनीं दुसरेंही एक उदाहरण डोळ्यांआड करूं नये. कॅनडांत सरकारच्या पैशानें चर्चसंस्थांनीं चालविलेल्या निवासी शाळांत सुमारें दीड लाख मूळनिवासी मुलें घरांपासून तोडलीं गेलीं. मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांस शिक्षा होत. तेथील सत्यशोधन आयोगानें २०१५ सालीं हें सविस्तर मांडलें आहे.

आपल्या राज्यघटनेच्या ३५० अ या कलमांत, १९५६ पासून, भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत मिळावें असें नमूद आहे. तरीही गडचिरोली जिल्ह्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेस गोंडी शाळा २०१९ सालीं स्वतःच्याच बळावर काढावी लागली.

अडचणी आहेतच. एका वर्गांत तीन बोली असतात, पुस्तकें नाहींत, शिक्षकास बोली येत नाहीं. शिवाय परीक्षा कोणास चुकली आहे? म्हणून बीजगणित वारलींत शिकवा असा आमचा आग्रह नाहीं. पहिल्या दोन इयत्तांत तरी मुलास समजेल त्या बोलींत समजावून द्यावें. आणि आमच्यासारख्या हायस्कुलांनीं महिन्यांतून एकदां पाड्यावरील जाणत्या स्त्रीपुरुषांस बोलावून, खुर्ची व मानधन देऊन, त्यांच्याकडून रान, बीं व पाणी यांचे पाठ घ्यावेत. झाडांचीं नांवें मुलांनीं आपल्या बोलींत वहीवर उतरावींत. वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकानें त्यांशेजारीं शास्त्रीय नांवें लिहावींत. त्यालाही चार गोष्टी कळतील.

पालकांनीं या कामीं साहाय्य करावें. राब उन्हाळ्यांत भाजतात व तेव्हां शाळेस सुटी असते. म्हणून वहीचें पहिलें पान मुलांनीं घरींच, आजीआजोबांस विचारून, लिहून आणावें.