चपला बाहेर, हात आत

मंगळवारी संध्याकाळी ताईला बघायला गेले होते. पोटाच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस, अजून आयसीयूतच होती. भेटीची वेळ पाच ते सहा, एका वेळी एकच नातेवाईक. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि स्टुलावर बसलेला वॉचमन येणाऱ्या प्रत्येकाच्या पायांकडे बघून सांगत होता, ‘चप्पल बाहेर काढा, चप्पल बाहेर.’ माझ्यापुढे पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांचा तरुण मुलगा आत होता. सँडलचा मागचा पट्टा निघेना, तेव्हा एक हात भिंतीला टेकून दुसऱ्या हाताने त्यांनी तो ओढून सोडवला. सँडल जोडीने कडेला लावल्या, पदराने तोंड पुसलं आणि आत गेल्या. मी काचेतून बघत होते. मुलाच्या गालांवरून त्यांनी दोन्ही हात फिरवले, स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली, आणि त्याच्या नाकातली नळी चिकटपट्टीने जिथे बसवली होती तिथला घाम बोटाने टिपला.

त्यांना कुणीच अडवलं नाही, कारण दारावरचा नियम त्यांनी पाळला होता.

ठरवलेला विषय बाजूला ठेवून आज हे लिहिते आहे. वॉर्डाच्या दारातल्या बेसिनबद्दल या सदरात मी पूर्वीही लिहिलं आहे. ते बेसिन दारात येत नाही तोवर लिहीत राहणार. तीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची अकरा सिस्टर-इन्चार्ज म्हणून. भेटीच्या वेळेत माणसं पेशंटला कुठे कुठे हात लावतात ते मी रोज बघितलं आहे.

चप्पल आणि हात यांचा हिशोब एकदा नीट मांडून बघा. पेशंट जमिनीवर झोपलेला नसतो. आपण त्याला पायांनी स्पर्श करत नाही. चपलेची धूळ जमिनीवर पडते आणि मावशी दिवसातून दोन-तीनदा लादी पुसतात. बुटांवर कव्हर घालून जखमेतला संसर्ग टळतो असा आधार मिळत नाही, म्हणून संसर्ग टाळण्यासाठी ती घालू नका असं अमेरिकेच्या सीडीसीने शस्त्रक्रियेच्या जखमांबद्दलच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ सांगितलं. हे झालं ऑपरेशन थिएटरबद्दल. आपण मात्र भेटीला येणाऱ्यांना अनवाणी आत पाठवतो, जिथे खाली रक्ताचा, लघवीचा थेंब सांडलेला असू शकतो, सुई पडलेली असू शकते. तेच पाय परत चपलेत घालून माणसं घरी जातात.

हातांचं काय? ते गालावर जातात, ओठ पुसतात, सलाईनची नळी सरळ करतात, कॉटच्या कठड्यावर टेकतात, चमच्याने पाणी पाजतात. त्याच हातांनी दारात चपलेचा पट्टा सोडवलेला असतो. रस्त्यावरचं जे पायांखाली होतं ते आपण वाकून बोटांवर घेतो आणि पाय स्वच्छ झाले म्हणून निश्चिंत मनाने आत जातो. म्हणजे हा नियम नुसता निरुपयोगी नाही. हात धुवायला न लावता चप्पल काढायला लावली, तर पेशंटपर्यंत पोचणारा हात आधीपेक्षा घाण होतो. वॉचमनच्या स्टुलाशेजारी हातावर घ्यायची बाटली नव्हती. बेसिन कॉरिडॉरच्या टोकाला, संडासाच्या आत होतं, आणि तिथे साबण नव्हता.

असं का झालं यावर मी बराच विचार केला आहे. चप्पल घाण हे आपल्याला रांगत्या वयापासून शिकवतात. देवळात काढायची, उंबऱ्याबाहेर ठेवायची, कुणाला चुकून लागली तर नमस्कार करायचा. हात मात्र आपले वाटतात. जेवायला बसताना धुतो तेवढेच. पण पूर्वी असं नव्हतं. सातारा जिल्ह्यात माझ्या आजोळी अंगणात बादली आणि तांब्या कायम भरलेला असायचा. बाहेरून आलेल्याने आधी हातपाय धुवायचे, मग घरात यायचं. घरात बाळंतीण असली की आजी दारातच बसायची. हातपाय धुतल्याशिवाय मुलाला कुणाच्या मांडीवर देत नसे, मग येणारी तिची सख्खी जाऊ का असेना. खोकणाऱ्याला खिडकीतूनच बाळ दाखवायची. सोवळ्याओवळ्याच्या नावाखाली तिच्या काळी माणसांना दूर ठेवण्याचे फार मोठे अन्यायही झाले, त्यांचं समर्थन मला करायचं नाही. पण त्या बादलीत पाणी होतं आणि ते हातांवरही पडत होतं. पुढे आपण फ्लॅटमध्ये आलो. अंगणातली बादली गेली आणि दाराबाहेर फक्त चपलांचं कपाट उरलं. रुग्णालयाच्या दारात आपण तेच कपाट नेऊन ठेवलं आहे असं माझं ठाम मत आहे. आकडे माझ्याकडे नाहीत, डोळ्यांनी पाहिलेलं मात्र खूप आहे.

२०२० मध्ये, कोविडच्या साथीत, दारातच हात धुणं जमलं होतं. किराणा दुकानाबाहेर बेसिन, सोसायटीच्या गेटवर पायाने दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड. आमच्या गल्लीतल्या पानवाल्यानेही फळीवर बाटली ठेवली होती. तो स्टँड आज आमच्या गेटच्या मागे गंजून पडला आहे. ज्या सवयीसाठी एवढी मोठी किंमत मोजली, ती इतक्या लवकर हातची गेली याचं मला फार वाईट वाटतं.

रुग्णालयातले जंतू बाहेरच्या जंतूंपेक्षा चिवट असतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टर नावाचा एक आहे, तो कोरड्या कठड्यावर, लॉकरच्या कडीवर कित्येक आठवडे जिवंत राहतो आणि त्याच्यावर बरीचशी औषधं चालत नाहीत. तो सहसा उडत येत नाही. त्याला एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर न्यायला हात लागतात. आणि आपली माणसं प्रेमळ असतात. आपल्या पेशंटला भेटून झालं की शेजारच्या कॉटवरच्या आजींची चादर सारखी करतात, त्यांचा डबा उघडून देतात. मी ड्युटीवर असताना हे कितीदा बघितलं आणि कितीदा त्यांना हाक मारून थांबवलं याची गणती नाही. त्यांच्या मनात चांगुलपणाच असायचा, म्हणून थांबवणं आणखी अवघड जायचं. सिस्टर खेकसतात असं लोक म्हणतात, तेव्हा तिला काय दिसत असतं ते लक्षात घ्या.

हात धुण्याचा नियम आम्हालाही लागू आहे. कॉटपाशी आलेल्या सिस्टरला किंवा डॉक्टरना ‘हात धुतलेत ना?’ असं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचारा. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही.

हात कसे धुवायचे हेही सांगते, कारण दोन थेंब घेऊन तळवे एकमेकांवर घासले की झालं असं सगळ्यांना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने वेळ दिली आहे: हातावर चोळायचं द्रावण असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. अंगठे आणि बोटांची टोकं हमखास राहतात, आणि पेशंटला आपण टोकांनीच तर स्पर्श करतो. अंगठ्या आणि बांगड्या घरी काढून ठेवा. वॉर्डात जुलाबाचा पेशंट असेल तर बाटलीवर विसंबू नका. त्यातल्या काही जंतूंवर अल्कोहोल चालत नाही, तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं. हात आत जाताना धुवायचे आणि बाहेर पडल्यावरही. धुऊन झाल्यावर मोबाईल खिशातच राहू द्या. गावाकडच्या मामींना पेशंटचा चेहरा व्हिडिओ कॉलवर दाखवायचा, म्हणून धुतलेल्या हातात फोन येतो आणि सगळं धुणं वाया जातं.

ताप, खोकला, जुलाब असेल तर जाऊच नका. फोन करा, डबा पाठवा, पेशंटची मुलं शाळेतून आणा. ते भेटीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. लहान मुलांना नेऊ नका. कांजिण्यांचे फोड अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल त्या पसरवू शकतं आणि आईला पत्ताही नसतो. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाकडे फुलं नेऊ नका. आणि एक बारीक गोष्ट, जी सांगायला वॉर्डात कुणाला सवड नसते. कॉटखाली लटकलेली लघवीची पिशवी आडवी येते म्हणून कुणी उचलून गादीवर ठेवतं. ती नेहमी पेशंटच्या मूत्राशयापेक्षा खालच्या पातळीवर असावी लागते, नाहीतर नळीतली लघवी उलटी आत जाते. ती हलवायची असेल तर सिस्टरला बोलवा.

हे वाचून कुणी म्हणेल, मग भेटी बंदच करा. त्या मताची मी कधीच नव्हते. कोविडच्या दोन वर्षांत आम्ही भेटी बंद केल्या होत्या. छातीशी फोन धरून पेशंटना मुलांचा आवाज ऐकवला, आणि त्या माणसांनी जाताना हातमोज्यातला परका हात धरला होता. त्या बाईंचा मुलाच्या गालावरून फिरणारा हात मला हवा आहे. त्याने पेशंटच्या नाडीत पडणारा फरक मी मॉनिटरवर बघितला आहे. तो हात धुऊन आत यावा, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. त्यासाठी दारात, चपला काढायच्या जागेच्या पुढे आणि पडद्याच्या अलीकडे एक बेसिन हवं, कोपराने उघडणाऱ्या नळाचं. लॉबीत नवीन काच बसवायला पैसे मिळतात, तर यालाही मिळतील.

गुरुवारी मी अर्ध्या लिटरची बाटली घेऊन गेले आणि वॉचमनच्या स्टुलाशेजारी ठेवली. ‘चप्पल बाहेर’च्या पुढे आणखी एक वाक्य म्हणा, अशी त्यांना विनंती केली. त्यांनी आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघितलं. कसं चोळायचं ते मी दाखवलं, अंगठ्यांसकट. सँडलवाल्या बाई आल्या तेव्हा वॉचमननी न सांगता बाटली पुढे केली. बाई थबकल्या, पिशवी खांद्याला अडकवली आणि सावकाश हात चोळू लागल्या. ‘पहिल्या दिवशीच कुणी सांगितलं असतं तर?’ त्या मला म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बेसिनसाठी व्यवस्थापनाला लेखी अर्ज दिला आहे. काल ताईला जनरल वॉर्डात हलवलं, म्हणून त्या दारावरून जाणं झालं. बाटली स्टुलाशेजारीच होती, पाव उरलेली. वॉचमन म्हणाले, ‘ताई, ही संपली की कुणाला सांगायचं?’